प्रौढ वयात करिअरची निवड आणि आखणी: क्रम न चुकवता कशी करावी

नोकरीची काही वर्षे झाल्यानंतर करिअरचा नव्याने विचार करणारे बहुतेक जण शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतात. कोणी एखाद्या अभ्यासक्रमाची फी भरून मोकळे होते, कोणी राजीनामा देऊन मग निवांत विचार करू म्हणते, तर कोणी बायोडेटा सजवून पन्नास ठिकाणी धाडते. यांतली कोणतीही कृती मुळात चुकीची नाही; ती फक्त फार लवकर केलेली असते. फी भरली की ती वाया जाऊ नये म्हणून माणूस नको असलेल्या दिशेनेही दोन वर्षे चालत राहतो, आणि राजीनामा दिला की शिल्लक आटत जाते तसा विचारही घायकुतीला येतो. म्हणून या लेखात सगळा भर क्रमावर आहे. आधी अडचण ओळखायची, मग अटी लिहायच्या, मग स्वतःविषयीचा पुरावा गोळा करायचा, त्यानंतर पर्याय, प्रत्यक्ष कामाची माहिती आणि चाचणी. शिक्षण, पैसा आणि राजीनामा यांची पाळी त्यानंतरची.

एक कसोटी मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत सोबत ठेवावी. तुम्ही पदनाम निवडत नसून त्या पदावरचा एक साधा, सामान्य दिवस निवडत आहात. ‘आर्किटेक्ट व्हायचे आहे’ हे वाक्य ठरवायला उपयोगी पडत नाही. नकाशे, मोजमापे, परवानग्या, ठेकेदारांचे फोन आणि बदललेल्या मागण्या यांत जाणारे आठ-नऊ तास तुम्हाला वर्षानुवर्षे चालतील का, हा खरा प्रश्न आहे.

पूर्वतयारी

एक वही किंवा एकच फाइल ठेवा आणि पुढच्या सर्व टप्प्यांच्या नोंदी तारखेसह तिच्यातच करा. डोक्यात ठेवलेली कारणे महिन्याभरात आपोआप बदलतात, आणि आपण कोणत्या कारणासाठी काय ठरवले होते हे नंतर आठवत नाही. आठवड्यातले चार ते पाच तास यासाठी राखून ठेवा. या गतीने निर्णयापर्यंतचे टप्पे पूर्ण व्हायला साधारण चार ते सहा महिने लागतात असे धरून चाला. त्याहून घाई करायची असेल तर ती पहिल्या तीन टप्प्यांत करा, कारण ते तुमच्या एकट्याच्या हातात असतात. पाचव्या आणि सहाव्या टप्प्यात घाई करू नका.

सुरुवातीला फार लोकांना सांगत बसू नका. दहा जणांना सांगितले की दहा सल्ले मिळतात आणि जाहीर केलेल्या बेतापासून मागे फिरणे अवघड होते. ज्यांच्या पैशावर किंवा वेळेवर तुमच्या निर्णयाचा परिणाम होणार आहे, त्या घरच्या माणसांना मात्र दुसऱ्या टप्प्यापासून सोबत घ्या.

सावधान: वरिष्ठांशी खटका उडाला, बढती हुकली किंवा अपमान झाला त्या आठवड्यात ही प्रक्रिया सुरू करू नका. त्या वेळी आपण ‘इथून सुटका’ शोधत असतो आणि समोर दिसेल ते दार बरे वाटते.

टप्पा १: बदल नेमका कशात हवा आहे ते ओळखा

‘हे काम नको’ या तक्रारीखाली चार वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असू शकतात: सोबतची माणसे, ती संस्था, तुमच्या कामाचे सध्याचे स्वरूप, आणि तो व्यवसायच. यांतली प्रत्येक अडचण वेगळ्या उपायाने सुटते, आणि उपायाचा खर्च क्रमाने वाढत जातो. माणसांचा त्रास असेल तर विभाग बदलून भागते. संस्थेचा असेल तर त्याच कामासाठी दुसरीकडे अर्ज करावा लागतो. कामाच्या स्वरूपाचा असेल तर त्याच क्षेत्रात वेगळी जबाबदारी शोधावी लागते. व्यवसायच नकोसा झाला असेल तरच पुढचे सगळे टप्पे पूर्ण लांबीने करायची गरज आहे.

स्वतःला हे प्रश्न याच क्रमाने विचारा. हेच काम, हाच पगार, पण वेगळा वरिष्ठ मिळाला तर मी राहीन का? हेच काम वेगळ्या संस्थेत मिळाले तर? याच क्षेत्रात रोजचे काम निराळे मिळाले तर? ज्या प्रश्नाला पहिल्यांदा मनापासून ‘हो’ येईल तिथे थांबा. व्यवसाय बदलायला निघालेल्या अनेकांचा ‘हो’ पहिल्या किंवा दुसऱ्या प्रश्नालाच येतो. हे कबूल करणे थोडे ओशाळवाणे वाटते, पण त्यामुळे बरीच वर्षे वाचतात.

तपासणी: सलग आठ-दहा दिवसांची खरी सुटी घेतल्यावर कामाविषयीची ओढ परत येते का ते पाहा. येत असेल तर अडचण थकव्याची किंवा कामाच्या ओझ्याची आहे. झोप उडणे, कशातच रस न वाटणे, अकारण खचणे हे अनेक आठवडे चालू असेल तर आधी डॉक्टरांना भेटा. त्या अवस्थेत कोणताही मोठा निर्णय घेऊ नका.

काही वर्षांच्या खंडानंतर कामावर परतणाऱ्यांना हा टप्पा लागू होत नाही. त्यांनी थेट पुढच्या टप्प्यापासून सुरुवात करावी.

टप्पा २: न हलणाऱ्या अटी लिहून काढा

पर्याय शोधण्याच्या आधी अटी लिहायच्या, नंतर नव्हे. एखादा पर्याय मनात भरला की माणूस अटी त्याला सोयीच्या करून घेतो. पाच-सहा अटी पुरेशा असतात: घरखर्च, कर्जाचे हप्ते आणि विमा भागवण्यासाठी दरमहा किमान किती रक्कम लागते, प्रशिक्षणासाठी आठवड्यातून प्रत्यक्षात किती तास निघू शकतात, राहण्याची जागा बदलता येईल का, मुले किंवा आजारी, वृद्ध माणसे यांच्यासाठी कोणत्या वेळा मोकळ्या हव्यात, शरीराच्या कोणत्या मर्यादा आहेत, आणि बदल किती काळात पूर्ण व्हायला हवा.

प्रत्येक अटीत आकडा, वेळ किंवा तारीख असली पाहिजे. ‘चांगला पगार’ ही अट नव्हे, ती इच्छा आहे. इच्छांसाठी वेगळे पान ठेवा. त्यांचा उपयोग सातव्या टप्प्यात होईल, पर्याय बाद करण्यासाठी नव्हे.

इथे चूक होते: लोकांच्या अपेक्षा स्वतःच्या अटी म्हणून लिहिल्या जातात. ‘हुद्दा सध्यापेक्षा कमी नसावा’ ही अट लिहिली असेल तर ती मोडल्यास नेमके कोणाचे काय नुकसान होईल ते तिच्यासमोर लिहून पाहा. फक्त चारचौघांत अवघड वाटेल एवढेच उत्तर निघाले तर ती इच्छांच्या पानावर जाते.

ही यादी घरात मोठ्याने वाचून दाखवा आणि दुरुस्त करून घ्या. ‘बघू पुढचे पुढे’ हा होकार नसतो. खर्चात कपात किंवा संध्याकाळच्या वेळेचा प्रश्न येणार असेल तर तो आताच उघड बोललेला बरा.

टप्पा ३: स्वतःविषयीचा पुरावा गोळा करा

‘मला काय आवडते?’ असा थेट प्रश्न स्वतःला विचारला की बहुधा ऐकीव उत्तर मिळते. त्यापेक्षा आपण काय केले आहे ते तपासावे. त्यासाठी दोन नोंदी लागतात.

पहिली नोंद भूतकाळाची. नोकरी, घर, संस्था, शिक्षण यांतले असे आठ ते दहा प्रसंग लिहा, ज्यांत तुम्ही एखादे काम चांगले पार पाडले आणि ते करताना वेळेचे भान राहिले नाही. प्रत्येक प्रसंगात तुम्ही स्वतः काय केले ते क्रियापदांत लिहा: जुळवले, समजावले, शोधले, दुरुस्त केले, पटवले, आखले, तपासले. दुसरी नोंद वर्तमानाची. सलग तीन आठवडे दिवसाच्या अखेरीस त्या दिवशीची चार-पाच कामे, त्यांना लागलेला वेळ, आणि काम संपल्यावर उत्साह वाढला की घटला हे लिहा.

या नोंदींचा फायदा एका उदाहरणाने लक्षात येईल. हिशेब विभागात बारा वर्षे काढलेली एखादी व्यक्ती ‘मला आकड्यांचा कंटाळा आला’ असे म्हणते. तिच्या नोंदींत मात्र असे दिसते की रोजचे आकडे भरण्याच्या कामाने उत्साह उतरतो, पण ताळमेळ न लागणारा आकडा कुठून आला हे शोधताना, आणि नंतर ते इतर विभागांना समजावून सांगताना तो चढतो. कंटाळा आकड्यांचा नव्हताच. या व्यक्तीने लेखापरीक्षण, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे प्रशिक्षण किंवा गैरव्यवहारांचा तपास या दिशांना पाहायला हवे. ‘आकड्यांचा कंटाळा’ एवढ्यावर ठरवले असते तर ती या तिन्हींपासून दूर गेली असती.

नोंदी झाल्या की कौशल्यांची विभागणी करा. काही कौशल्ये कुठेही चालतात, जसे की नेमके लिहिणे, वाटाघाटी करणे, कामाचे वेळापत्रक सांभाळणे. काही त्या क्षेत्रापुरती असतात. आणि काही केवळ त्या एका संस्थेपुरती असतात: कोणाची सही कुठे अडते, जुन्या फाइली कोणाकडे आहेत, कोणत्या ग्राहकाशी कसे बोलायचे. दीर्घकाळ एका जागी राहिलेल्या माणसाच्या दबदब्यात या शेवटच्या प्रकाराचा वाटा मोठा असतो, आणि तोच बाहेर पडताना मागे राहतो. तो वेगळा काढल्याशिवाय आपली बाजारातली किंमत कळत नाही.

कल चाचण्यांबद्दल दोन शब्द. व्यावसायिक आवडींच्या अनेक चाचण्या जॉन हॉलंड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी मांडलेल्या सहा प्रकारांवर बेतलेल्या असतात: हातांनी व यंत्रांनी काम करणारे, शोध घेणारे, कलात्मक, लोकांना मदत करणारे, लोकांचे नेतृत्व करणारे व त्यांना पटवणारे, आणि व्यवस्था राखणारे. ‘ओ-नेट’ या अमेरिकी संकेतस्थळावर अशी साठ प्रश्नांची चाचणी विनामूल्य उपलब्ध आहे. तिच्यातून आवड कळते; क्षमता कळत नाही. म्हणून तिच्या निकालाचा उपयोग पर्यायांची यादी वाढवण्यासाठी करावा, ती कापण्यासाठी नव्हे.

सावधान: व्यक्तिमत्त्वाचे गोड वर्णन करणाऱ्या चाचण्या अचूक वाटतात म्हणून त्या खऱ्या मानू नका. बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञांनी १९४८ मध्ये आपल्या सर्व विद्यार्थ्यांना एकच मोघम वर्णन ‘तुमचा वैयक्तिक निकाल’ म्हणून दिले होते, आणि विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी चाराहून अधिक गुण दिले.

टप्पा ४: यादी आधी रुंद करा, मगच छाटा

प्रौढ माणसाला आपल्या नात्यागोत्यातले आणि ओळखीतले वीस-तीस व्यवसाय ठाऊक असतात आणि निवड त्यांतूनच होते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००८ च्या व्यवसाय वर्गीकरणात ४३६ मूलभूत गट आहेत, आणि एकेका गटात अनेक पदनामे मोडतात. हे वर्गीकरण किंवा त्यावर आधारलेली आपल्या देशातली यादी एकदा सावकाश नजरेखालून घाला आणि तिसऱ्या टप्प्यातल्या क्रियापदांशी जुळणाऱ्या नोंदींवर खूण करा. दोन संध्याकाळी पुरतात.

यादी बनवताना एक गोष्ट लक्षात ठेवा. क्षेत्र आणि काम या दोन्ही गोष्टी एकदम बदलणे सर्वांत अवघड असते, कारण मग सांगायला अनुभव उरत नाही. एक कायम ठेवून दुसरे बदलणे तुलनेने सोपे जाते. रुग्णालयातली परिचारिका आरोग्य क्षेत्रात राहूनच विमा दाव्यांची वैद्यकीय छाननी, उपकरणांचे प्रशिक्षण, औषधांच्या चाचण्यांचे समन्वयन किंवा रुग्णालयातील माहिती प्रणाली अशा कामांकडे वळू शकते. दोन्ही बदलायचेच असतील तर ते दोन उड्यांत करावे: आधी काम, दोन-तीन वर्षांनी क्षेत्र.

बारा ते पंधरा पर्याय लिहा. त्यांत ‘आहे त्याच व्यवसायात, पण सुधारलेल्या अटींवर’ हा पर्याय न चुकता ठेवा. मग दुसऱ्या टप्प्यातल्या अटी लावून यादी तीन किंवा चारपर्यंत आणा. एकच पर्याय उरला तर तो शोधापूर्वीच ठरलेला होता का, हे प्रामाणिकपणे तपासा.

इथे चूक होते: छंद आणि व्यवसाय एकच धरले जातात. छायाचित्रे काढणे आवडते, पण ग्राहक शोधणे, दर ठरवणे, थकबाकी वसूल करणे आणि दुसऱ्याला हवी तशी छायाचित्रे काढणे हा त्या व्यवसायाचा मोठा भाग आहे. हा भाग नकोसा असेल तर छंद छंदच राहू द्यावा.

टप्पा ५: ते काम करणाऱ्या माणसांशी बोला

सर्वाधिक टाळला जाणारा आणि सर्वाधिक फळ देणारा टप्पा हाच. त्याऐवजी लोक चित्रफिती पाहतात, लेख वाचतात आणि अभ्यासक्रम विकणाऱ्यांना सल्ला विचारतात. विकणाऱ्याला सल्ला विचारला की उत्तर आधीच ठरलेले असते.

प्रत्येक पर्यायासाठी किमान तीन माणसांशी बोला: त्या कामात एक-दोन वर्षे झालेली व्यक्ती, दहा वर्षे झालेली व्यक्ती, आणि ते काम सोडून गेलेली व्यक्ती. नवख्या माणसाला प्रवेशाची आजची वाट ठाऊक असते. मुरलेल्याला पुढे काय मिळते ते कळलेले असते, पण त्याने ज्या वाटेने प्रवेश केला ती बहुधा आता बंद झालेली असते. सोडून गेलेली व्यक्ती कोणाला सुचत नाही, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोकळेपणाने बोलते. शक्य असल्यास तुमच्यासारखेच उशिरा त्या क्षेत्रात आलेले कोणी शोधा.

अशी माणसे थेट ओळखीत नसतात. ओळखीच्यांच्या ओळखीत असतात. जुने सहकारी, सोबत शिकलेले, व्यावसायिक संघटना यांच्यामार्फत विचारा. विनंती लहान आणि स्पष्ट असावी: मी कोण, तुमच्याकडे का आलो, मला वीस मिनिटे हवी आहेत आणि मी नोकरी मागत नाही. हे शेवटचे वाक्य खरे असले पाहिजे. बोलण्याच्या शेवटी हळूच बायोडेटा पुढे केला तर ती ओळख तिथेच संपते. पाच जणांना विचारल्यावर दोन जण उत्तर देतील अशा बेताने विनंत्या करा आणि न आलेले उत्तर मनाला लावून घेऊ नका.

प्रश्न मतांविषयी नकोत, घडलेल्या गोष्टींविषयी हवेत. ‘हे क्षेत्र कसे आहे?’ असे विचारले तर ‘छान आहे, पण मेहनत लागते’ एवढेच हाती लागेल. त्याऐवजी असे विचारा:

कालचा किंवा परवाचा दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत कसा गेला? गेल्या महिन्यात सर्वांत जास्त वेळ कोणत्या कामात गेला? या कामातला कोणता कंटाळवाणा भाग टाळता येत नाही? तुमच्यासोबत आलेल्यांपैकी किती जण अजून या कामात आहेत आणि बाकीचे का गेले? माझ्या अनुभवाच्या माणसाला सुरुवातीला कोणती जागा मिळते आणि त्या जागेला साधारण किती मोबदला असतो? नव्या माणसाची नेमणूक तुमच्या हातात असेल तर अर्जात आधी काय पाहता? आज पुन्हा सुरुवात करायची असती तर कशावर पैसे खर्च केले नसते?

पगाराचा प्रश्न ‘तुम्हाला किती मिळतो’ असा विचारू नये. ‘या पातळीवरच्या माणसाला किती ते किती’ असा विचारला की संकोच राहत नाही. शेवटी ‘आणखी कोणाशी बोलावे?’ हे विचारायला विसरू नका, कारण पुढच्या ओळखी इथूनच निघतात. बोलणे झाले की त्याच दिवशी नोंद करा आणि दोन ओळींत आभार कळवा.

तपासणी: तिघांच्या बोलण्यात जे तिन्ही वेळा आले तेवढेच पक्के माना. एकाचा कडवट अनुभव किंवा एकाचे अफाट यश यावर पर्याय बाद किंवा पक्का करू नका. आणि प्रत्येक पर्यायासाठी त्या कामाचा एक सामान्य दिवस तासागणिक तुम्हाला लिहून काढता येतो का ते पाहा. येत नसेल तर माहिती अपुरी आहे. आणखी एका व्यक्तीशी बोला.

टप्पा ६: लहान चाचणी घ्या

ऐकलेल्या दिवसापेक्षा जगलेला दिवस वेगळा असतो. उरलेल्या दोन-तीन पर्यायांपैकी प्रत्येकासाठी वीस ते चाळीस तासांची चाचणी आखा. ती खरी ठरण्यासाठी तिला मुदत असावी, तुमच्याव्यतिरिक्त कोणीतरी त्या कामाची वाट पाहत असावे, आणि त्या व्यवसायातला रटाळ भाग तिच्यात यावा. अनुवादाचा पर्याय असेल तर आवडत्या कथेचे दोन परिच्छेद नव्हे, तर वीस पानांची माहितीपुस्तिका ठरलेल्या दिवशी कोणाला तरी पूर्ण करून द्यावी. शिकवण्याचा पर्याय असेल तर आठ आठवडे दर शनिवारी चार-पाच जणांना शिकवून त्यांच्या वह्या तपासाव्यात. स्वयंपाकघरातल्या व्यवसायाचा विचार असेल तर गर्दीच्या वेळी काही दिवस उभे राहून काम करावे आणि शेवटची साफसफाईही करावी.

काही व्यवसायांत परवान्याशिवाय हात लावता येत नाही. तिथे परवानगी घेऊन दिवसभर सोबत राहून निरीक्षण करणे, किंवा त्याच ठिकाणचे साहाय्यक काम करणे, एवढाच मार्ग उरतो.

सावधान: सध्याच्या नोकरीच्या करारात बाहेरच्या कामावर बंधन आहे का, हे चाचणीपूर्वी वाचा. मोबदला न घेता केलेले कामही काही करारांत बसत नाही. सध्याच्या संस्थेची साधने, वेळ किंवा माहिती यासाठी वापरू नका.

चाचणीनंतर दोन गोष्टी लिहा: रटाळ भाग करताना काय वाटले, आणि काम स्वीकारणाऱ्याने काय सुधारायला सांगितले. पहिल्या प्रयत्नात काम सुमार झाले तर ते स्वाभाविक आहे. सुधारणा करायला पुन्हा बसावेसे वाटले की नाही, याकडे अधिक लक्ष द्या.

टप्पा ७: तुलना करा आणि निर्णय लिहा

आता इच्छांचे पान काढा. त्यातल्या पाच-सहा इच्छांना महत्त्वानुसार गुण ठरवा आणि मगच प्रत्येक पर्यायाला गुण द्या. उलट केले तर मन लाडक्या पर्यायाला जिंकवण्यासाठी महत्त्वच बदलते. बेरीज आली की निर्णय झाला असे नाही. बेरजेने जो पर्याय पुढे आला तो पाहून खट्टू वाटले, तर तक्त्यात काहीतरी लिहायचे राहिले आहे, ते शोधा.

मग गॅरी क्लाईन या मानसशास्त्रज्ञांनी सुचवलेली ‘प्रीमॉर्टेम’ ही पद्धत वापरा. निवडलेला पर्याय दोन वर्षांनी साफ फसला आहे असे गृहीत धरा आणि तो का फसला याची कारणे भूतकाळात लिहा. ‘फसू शकेल का?’ या प्रश्नाला मन नकार देते, ‘का फसले?’ या प्रश्नाला ते भराभर कारणे पुरवते. त्यातल्या पहिल्या तीन कारणांवर उपाय लिहिता आला तर पुढे जा. दोन पर्याय अगदी तुल्यबळ राहिले तर ज्याच्यातून परतणे स्वस्त आहे तो घ्या.

टप्पा ८: शिक्षण जाहिरातींवरून ठरवा, माहितीपत्रकांवरून नव्हे

ज्या पदाची निवड केली त्याच्या वीस ते पंचवीस ताज्या जाहिराती जमा करा आणि त्यांत मागितलेली पात्रता, कौशल्ये आणि अनुभव यांची मोजदाद करा. निम्म्याहून अधिक जाहिरातींत जे येते तेवढेच आवश्यक धरा. त्यातले तुमच्याकडे आधीपासून काय आहे ते वजा करा. उरलेली यादी बहुधा अपेक्षेपेक्षा छोटी निघते. दोन वर्षांच्या पदवीऐवजी चार महिन्यांचा एक विषय आणि दाखवता येतील असे दोन-तीन नमुने पुरतात, असेही होते.

परवाना लागणाऱ्या व्यवसायांत मात्र हा हिशेब चालत नाही. वैद्यक, कायदा, वीजजोडणी, शालेय अध्यापन अशा कामांत कोणती पदवी, कोणत्या संस्थेची मान्यता, किती प्रत्यक्ष अनुभव आणि वयाची काही अट आहे का, हे त्या व्यवसायाच्या नियामक संस्थेकडूनच तपासावे. शिकवणाऱ्या संस्थेने दिलेली तोंडी खात्री त्यासाठी पुरेशी नाही.

फी भरण्यापूर्वी लेखी विचारा: मागील तुकडीत किती जणांनी प्रवेश घेतला, किती जणांनी अभ्यासक्रम पूर्ण केला, त्यांपैकी किती जणांना याच कामाची नोकरी लागली आणि किती महिन्यांत, आणि मध्येच सोडल्यास किती फी परत मिळते. ‘शंभर टक्के साहाय्य’ म्हणजे शंभर टक्के नोकऱ्या नव्हेत.

टप्पा ९: पैसा आणि वेळ यांचा मेळ घाला

समजा तुमचे सध्याचे मासिक उत्पन्न १०० भाग, आवश्यक खर्च ७० भाग आणि बचत ३० भाग आहे. प्रशिक्षण ८ महिन्यांचे असून त्याची फी १५० भाग आहे. नोकरी सोडून ते केले आणि त्या काळात अर्धवेळ कामातून दरमहा ४० भाग मिळाले, तर तूट ३० गुणिले ८ म्हणजे २४० भाग. नंतर नोकरी शोधायला ५ महिने लागले आणि उत्पन्न शून्य राहिले, तर ३५० भाग. नव्या कामाचा सुरुवातीचा पगार ६० भाग असेल तर पहिल्या वर्षाची तूट १२० भाग. सगळे मिळून ८६० भाग, म्हणजे आजच्या दराने जवळपास २९ महिन्यांची बचत.

तेच प्रशिक्षण नोकरी सांभाळून संध्याकाळी १४ महिन्यांत केले आणि नोकरीचा शोधही नोकरीत असतानाच घेतला, तर फी १५० आणि पहिल्या वर्षाची तूट १२०, एवढाच २७० भागांचा खर्च उरतो. ही ९ महिन्यांची बचत अभ्यास चालू असतानाच साठून जाते. बदल सहा-आठ महिन्यांनी लांबतो, पण कर्ज काढावे लागत नाही. दोन्ही हिशेब स्वतःच्या आकड्यांनी मांडा. अडीअडचणीसाठी ठेवलेली रक्कम यात धरू नका, आणि नोकरीसोबत मिळणारा आरोग्य विमा व निवृत्तीची वर्गणी सुटणार असेल तर तो खर्च खर्चाच्या बाजूला मिळवा.

वेळेच्या बाबतीत आपला अंदाज कमीच निघतो. डॅनियल काहनेमन आणि एमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या प्रवृत्तीला ‘नियोजनाचा भ्रम’ या अर्थाचे नाव दिले. त्यावरचा उपायही त्यांच्याच मांडणीत आहे: स्वतःच्या बेतावरून काळ ठरवू नका, तेच काम आधी केलेल्यांना प्रत्यक्षात किती काळ लागला ते विचारा. पाचव्या टप्प्यात भेटलेल्यांकडून हा आकडा मिळतो. तोच आराखड्यात लिहा. ‘मी जरा जास्त कष्ट करीन’ म्हणून तो कमी करू नका.

आराखड्यात दर तीन महिन्यांनी एक खूण असावी, आणि प्रत्येक खुणेजवळ थांबण्याची अट लिहिलेली असावी: उदाहरणार्थ, सहा महिन्यांत दोन नमुने पूर्ण झाले नाहीत, किंवा वीस अर्जांनंतर एकही मुलाखत आली नाही, तर पुढचा पैसा न गुंतवता सातव्या टप्प्याकडे परतायचे. ही अट उत्साहात असतानाच लिहावी लागते; पैसे गुंतल्यावर ती लिहवत नाही.

टप्पा १०: बाहेर पडण्याचा क्रम

नव्या ठिकाणचे लेखी नियुक्तिपत्र, त्यातला पगार, रुजू होण्याची तारीख आणि परिवीक्षेच्या (प्रोबेशनच्या) अटी वाचून झाल्याशिवाय राजीनामा देऊ नका. नोटिशीचा काळ नव्या संस्थेला आधीच सांगून ठेवा. निघताना अनुभवाची पत्रे, पगाराच्या पावत्या, भविष्य निधीची कागदपत्रे आणि केलेल्या कामाच्या नमुन्यांसाठी परवानगी हे सर्व नोटिशीच्या पहिल्या आठवड्यातच मागा. शेवटच्या दिवशी मागितलेला कागद महिनोन्‌महिने लटकतो. स्वतःचा व्यवसाय सुरू करणार असाल तर नियुक्तिपत्राच्या जागी पहिले दोन-तीन पैसे देणारे ग्राहक धरा. ‘नक्की काम देऊ’ म्हणणारे मित्र त्यात मोजू नका.

रुजू झाल्यावर पहिले तीन महिने समाधानाचे मोजमाप करू नका. नवखेपणाचा संकोच आणि नव्याची नवलाई या दोन्हींमुळे या काळातली नोंद फसवी ठरते. सहाव्या महिन्यात तिसऱ्या टप्प्यातली तीन आठवड्यांची नोंद पुन्हा ठेवा आणि ती जुन्या नोंदीशेजारी मांडून वाचा. पाचव्या टप्प्यात लिहिलेला तासागणिक दिवस आणि प्रत्यक्षातला दिवस यांतही तुलना करा. फरक मोठा असेल तर आधी पहिल्या टप्प्याचे तीन प्रश्न पुन्हा विचारा, कारण या वेळीही उत्तर विभाग किंवा वरिष्ठ बदलण्यापाशीच निघू शकते. निवड करताना मागे ठेवलेल्या दुसऱ्या पर्यायाचे पान या वहीतून फाडू नका. त्या क्षेत्रातल्या दोघा-तिघांशी वर्षातून एकदा तरी बोलणे चालू ठेवा.